टेलर हिमनदीला टेलरने स्वतःचं नाव दिलेलं नाही

तो फॉरवर्ड परत फिरतोय, लाल धबधब्याचा फोटो आणि खाली लिहिलंय की अंटार्क्टिकात टेलरने हिमनदी शोधली, स्वतःचं नाव ठेवलं, तिच्यातून लाल शेवाळामुळे रक्तासारखं पाणी अखंड वाहतं आणि विज्ञानाला अजून कारण सापडलं नाही. एकाच वाक्यात शेवाळ हे कारण आणि कारणच सापडलं नाही, हे कसं काय?

आधी नावाचं बघू. ही हिमनदी ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या 1901-04 च्या अंटार्क्टिक मोहिमेतच दिसली होती, डिसेंबर 1903 मध्ये स्कॉट आणि त्याचे साथीदार लॅशली आणि एडगर एव्हान्स हिमनदीवरून तिच्या पुढच्या दरीत उतरले होते, टेलर त्या मोहिमेत नव्हताच. पण त्यांनी तिला शेजारच्या फेरार हिमनदीचा वरचा भाग समजून नकाशात तसंच ठेवलं. मग 1911 मध्ये स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेतला भूगर्भतज्ज्ञ ग्रिफिथ टेलर तिथे सर्व्हेला गेला (सोबत तोच एव्हान्स परत होता!) आणि त्याच्या लक्षात आलं की एक समजलेली हिमनदी मुळात दोन हिमनद्या आहेत, नॉबहेड डोंगराच्या उत्तरेला नुसत्या एकमेकींना चिकटल्यात आणि पुढे कुकरी हिल्सच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या जातात, तीच गुरख्यांची कुकरी बरं का. त्यातल्या वरच्या भागाला टेलरचं नाव दिलं ते स्कॉटने. इतकं बारीक काम केलेल्या माणसाला आपण स्वतःचं नाव चिकटवणारा ठरवतोय, हे मला खरंच खटकतं.

शेवाळाचा अंदाज मात्र टेलरचाच, 1911 चा, पण तो मागे पडून खूप वर्षं झाली. बर्फाखाली समुद्राहून कितीतरी खारट, जुनं पाणी अडकलंय, मिठामुळे ते शून्याखालीही गोठत नाही, त्यात लोह विरघळलेलं आहे आणि ऑक्सिजन नाही, बाहेर येऊन हवा लागली की लोहाचा रंग गंजासारखा लाल होतो. 2009 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जिल मिकुकी आणि टीमने दाखवलं की त्या अंधारात सूक्ष्मजीव सल्फेट आणि लोहावर जगतायत, आणि 2023 मध्ये मायक्रोस्कोपखाली त्या पाण्यात लोहाचे अतिसूक्ष्म गोळे दिसले ज्यांच्यात सिलिकॉन, कॅल्शियमपण आहे. म्हणजे रंगाचं कारण माहीत आहे.

आणि अखंड वगैरे काही वाहत नाही. पाणी मधूनमधून बाहेर येतं, एरवी बर्फावर दिसतो तो आधी येऊन गेलेल्या पाण्याचा डाग.