आजीचा गुडघा आणि तुमची मास्टर्स

बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांच्या शास्त्रात, मास्टर्स करायचं ठरवलंत ना? मग आधी एक आजी शोधा. स्वतःची असेल तर उत्तमच. अर्जासोबत 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचा जो निबंध द्यावा लागतो, तो आजीच्या गुडघ्यापासूनच सुरू होतो. आजीचा सांधा बदलला, ती पुन्हा चालू लागली आणि त्याच क्षणी तुम्हाला त्या सांध्यातल्या पॉलिइथिलीन नावाच्या प्लॅस्टिकची ओढ लागली, असं लिहा. खरं कारण (केमिस्ट्रीला कंटाळलो होतो आणि मेकॅनिकलवाले घेत नव्हते) पोटातच ठेवा. निवड समितीने आजवर इतके गुडघे वाचलेत की एखाद्याने कोपर लिहिलं तर तेवढ्यावरच तो निवडला जाईल.

पुढच्या परिच्छेदात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द तीनदा पेरा. त्याचा अर्थ प्रवेश मिळाल्यावर कळतो. मटेरियलवाले तुम्हाला बायोलॉजीचे समजतात, बायोलॉजीवाले मटेरियलचे, आणि मायक्रोस्कोपचं बुकिंग करायला गेलात की दोघंही म्हणतात, "आधी आमची मुलं." शिफारसपत्राचा मसुदा सर तुम्हालाच लिहायला सांगतील. लिहा, आणि विनयाने स्वतःला पहिल्या पाच टक्क्यांत बसवा.

वर्गातलं फारसं लक्षात ठेवायची गरज नाही. 'बायोकम्पॅटिबिलिटी'ची व्याख्या तेवढी घोका. १९८६ साली तज्ज्ञांनी परिषद भरवून ती ठरवली. एखाद्या विशिष्ट उपयोगात, शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळवत काम करण्याची पदार्थाची क्षमता, असा तिचा आशय. योग्य म्हणजे कोणता? त्या उपयोगाला योग्य असेल तो. एवढी टिकाऊ व्याख्या दुसरी सापडायची नाही. पुढची दोन वर्षं कुठल्याही प्रश्नावर उत्तर म्हणून चालते.

या शास्त्राचा पाया फसलेल्या आणि भलतीकडेच गेलेल्या गोष्टींवर उभा आहे, हे पहिल्या तासाला सांगतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. डोळ्यांनी ते मुकाट्याने सोसले. हे हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची डबी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर डबी निघेचना, हाडाने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. त्यातून १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचं इम्प्लांट बसलं.

तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय केलं असतंत, ते मला पक्कं ठाऊक आहे. गाइडला मेल: "सर, डबी अडकली आहे, ससा वाया गेला, पुढच्या आठवड्यात रिपीट करतो." हेच बरोबर आहे. मास्टर्सच्या वेळापत्रकात शोध लागायला जागा नसते.

प्रयोगशाळेत माझा अनुभव तुमच्या कामी येवो. पीसीएल नावाचं पॉलिमर साठ अंशांच्या आसपास वितळतं. वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो. ही दोन वाक्यं पुस्तकाच्या दोन वेगळ्या प्रकरणांत असतात. मी ती एका मंगळवारी एकत्र आणली. त्याआधी सहा आठवडे इलेक्ट्रोस्पिनिंगच्या यंत्रासमोर घालवले होते. पंधरा किलोव्होल्ट लावले की सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याचा शंकू होतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा धागा सुटतो. हवा दमट असली की धाग्याऐवजी नुसते मणी. एवढं करून पांढऱ्याशुभ्र, टिश्यू पेपरसारख्या अठरा जाळ्या जमल्या. पेशी वाढवायचा सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्ड, तो हाच, आणि त्यातल्या छिद्रांचं प्रमाण म्हणजे पोरॉसिटी. ऑटोक्लेव्ह उघडला तेव्हा काचेच्या डिशमध्ये मेणबत्तीच्या ओघळासारख्या अठरा चकत्या होत्या. निर्जंतुक मात्र झाल्या होत्या. सीनियरने आधी चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि विचारलं, "पोरॉसिटी किती आली?"

तेव्हा घाबरू नका. फेकूही नका. थिसिसमध्ये त्यांना 'छिद्रविरहित कंट्रोल', म्हणजे तुलनेपुरता नमुना, म्हणा.

स्कॅफोल्डवर वाढवायच्या पेशींना शनिवार-रविवार ठाऊक नसतो, म्हणून तुम्हीही तो विसरा. एखाद्या सोमवारी इन्क्युबेटर उघडाल आणि पेशींना पोसणारं गुलाबी माध्यम पिवळं, गढूळ झालेलं दिसेल. जिवाणूंना तुमचा स्कॅफोल्ड मनापासून आवडलाय, त्यांच्यापुरती बायोकम्पॅटिबिलिटी सिद्ध झाली. पेशी जगल्याच, तर एमटीटी चाचणी करा. जिवंत पेशी पिवळ्या द्रावणापासून जांभळे स्फटिक करतात. आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणे जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की पदार्थ विषारी ठरू शकतो. म्हणून ७१ आले तर 'उत्कृष्ट जैवसुसंगतता' असं लिहा. ६९ आले तर तुमचं पिपेटिंग चुकलं असणार, पुन्हा करा. ७१ आल्यावर पिपेटिंग कधीच चुकलेलं नसतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चाळीस फोटो काढा. ज्या एकात पेशी हातपाय पसरून ऐसपैस बसलेली दिसेल, त्याखाली 'प्रातिनिधिक चित्र' असं लिहा.

थिसिस लिहिताना सगळं आधीच ठरलेलं होतं, असं दिसलं पाहिजे. 'असे आढळले की' हे वाक्य शंभरदा वापरा, 'असे झाले कसे' एकदाही नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक येतात. ते बहुधा ऋणनिर्देश आणि निष्कर्ष एवढंच वाचून येतात. माझ्या वाट्याला आलेल्यांनी सगळं वाचलं होतं. त्यांनी आलेखातल्या शेवटच्या, मुद्दाम फिकट राखाडी ठेवलेल्या स्तंभावर बोट ठेवलं. "या चकत्यांवर तिसऱ्या दिवशी पेशी तुमच्या स्कॅफोल्डपेक्षा जास्त दिसतायत. का बरं?"

"सर, तो नुसता कंट्रोल आहे."

ते चष्म्यावरून बघत राहिले. गाइड खिडकीबाहेर बघू लागले.

"फ्युचर स्कोपमध्ये घेतलंय, सर," मी म्हणालो.

घेतलं नव्हतं. अंतिम प्रत बांधायला टाकायच्या आदल्या रात्री घेतलं.