ओरखड्यावर मारलेला रंग सुकल्यावर मॅच होईल म्हणे पेंटर!

सुकला. कालच सुकला. आणि आज आमच्या गडद हिरव्या भिंतीवर तळहाताएवढा चकाकता डाग आहे, सोफ्यावर बसलं की थेट डोळ्यांत घुसणारा.

ओरखडा होता केवढा? नखाएवढा! खुर्चीची पाठ घासली, बस्स. पेंटर आला, खिशातून ब्रश काढला आणि फटाफट दोन फटकारे मारले. मी म्हटलं, अहो दादा, भिंत रोलरने मारलीय, ब्रशचं टेक्श्चर कसं जुळेल? "तोच डबा आहे ताई." मग कडेला सांडलेलं ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं. मॅट फिनिशवर! गडद मॅट घासलं की चकाकतं, हे त्याला मी सांगायचं? आता डाग आहे आणि डागाभोवती वर्तुळही. वर हा समोर उभा राहून विचारतो, "कुठाय? मला तर काही दिसत नाही." समोरून नाहीच दिसत! उजेड तिरका पडतो तिथे या, सोफ्यावर बसा, मग बोला.

आणि "गडद आहे, एका हातात झाकेल" म्हणणारा हाच बरं का. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनवतात त्या मूळ पेंटमध्ये, खालचं झाकणारं पांढरं टायटॅनियम डायॉक्साइड जवळजवळ नसतंच. पहिल्या हाताला खालचा क्रीम रंग पट्ट्यापट्ट्यांनी हसत होता. खाली करडा प्रायमर मारा म्हणून मी घसा फोडला, तर "कशाला उगीच?" मग हातावर हात चढत गेले आणि डबे संपत गेले. नवा डबा जुन्यात मिसळून घ्या, म्हणजे छटा सारखी येईल म्हटलं, तर तेही नाही. खिडकीजवळचा कोपरा आजही किंचित निळसर आहे. कुणाला दिसत नाही म्हणे. मला दिसतो ना!

ते इंटिरियरचे फोटोवाले तर वेगळेच महाभाग. बॉटल ग्रीन भिंत, पितळी दिवा, आणि फोटोच्या बाहेर भिंतभर खिडकी, जी कधीच दाखवत नाहीत. शेड कार्डाच्या मागे मुंगीच्या अक्षरात उजेड परत फेकण्याचा आकडा असतो, 0 ते 100. आमच्या शेडचा 6. त्यावर घरच्यांनी हौसेने 2700 केल्विनचे पिवळे बल्ब लावले, म्हणजे सूर्य मावळला की हिरवा संपला. मग पाहुणे येतात. "अगं, काळा का दिलास?" जरा सभ्य असले तर "कोझी वाटतंय हं." कोझी हा शब्द ऐकला की माझं टाळकंच सरकतं.

काल रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून डाग शोधत होते. होता तो सापडलाच, शिवाय आधी न दिसलेले आणखी चार. पाणी प्यायला उठलेल्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं आणि पाणी न पिताच परत गेला. शहाणा माणूस. 1775 मध्ये शेले नावाच्या केमिस्टने आर्सेनिक घालून हिरवा रंग काढला होता, त्याने पुढे माणसं आजारी पडली. आमचा नुसता डोकं फिरवतो. प्रगतीच म्हणायची.

आता पेंटरचा नवा तोडगा: तिथे एखादी फ्रेम लावा. खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर! कोण बघणार ती, मांजर?

ते काही नाही. अख्खी भिंत पुन्हा मारायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रोलरनेच. रंग तोच राहील. पांढरा द्या म्हणणाऱ्यांनी आपापल्या घरी द्यावा.