दिसला नाही म्हणजे गैरहजर नाही

आमच्या ऑफिसात माणसांना नावं नाहीत. म्हणजे नेमणूकपत्रावर आहेत, पण बोलताना कुणी वापरत नाही.

"घुबड आलं का?"

"नाही हो, रात्रभर जागलंय. झोपलं असेल."

"आणि कासवं?"

"एक रजेवर. दुसरं अंडी मोजतंय."

रुजू व्हायला आले त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी हे ऐकलं आणि मनाशी म्हटलं, इथलं मनुष्यबळ सांभाळायचं तर आधी त्यातला मनुष्य शोधावा लागणार.

त्याआधी मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये होते. तिथे भोंगा वाजला की माणसं आत, पुन्हा वाजला की बाहेर. मग कुणीतरी सांगितलं, निसर्गसंवर्धन संस्थेच्या विभागीय कार्यालयात जागा आहे, शांत काम आहे, प्राण्यापक्ष्यांचं. शांत आहे, यात वाद नाही. फोन लावला की पलीकडून फक्त रातकिड्यांचा आवाज येतो.

विभागीय कार्यालय म्हणजे मृदंग. एका बाजूने मुख्यालय थाप मारतं, दुसऱ्या बाजूने फील्ड. मुख्यालयाकडून फॉर्म येतात आणि फील्डवरून कारणं. कारखान्यात रजेच्या अर्जावर 'घरगुती कारणास्तव' एवढंच असायचं. इथे मला आलेला एक अर्ज असा होता : 'मादी अजून बिळातून बाहेर आलेली नसल्यामुळे माझे परत येणे लांबले आहे.' हा रजेचा कुठला प्रकार, हे मी नियमावलीत संध्याकाळपर्यंत शोधत होते. शेवटी 'प्रसूती' या शब्दापाशी बोट थांबलं, पण प्रसूती मादीची होती आणि रजा आमच्या माणसाची.

सगळ्यात मोठा छळ हजेरीचा. मुख्यालयाने बोटाचा ठसा घेणारं यंत्र पाठवलं. साडेनऊला बोट, साडेसहाला बोट. आता घुबडवाल्याचा दिवस सुरू होतो सूर्य मावळल्यावर. पक्षीगणनावाले पहाटे, उजाडायच्या आत, ठरलेल्या वाटेवर उभे असतात, कारण पक्षी साडेनऊची वाट बघत नाहीत. वटवाघूळवाली ऑफिसला येते तेव्हा आम्ही निघालेलो असतो. आणि चुकूनमाकून वेळेवर आलेल्यांना यंत्र ओळखत नाही. खडक, दोर, चिखल, काटेरी झुडपं यांत वर्षानुवर्षं हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. गिधाडवाले यंत्रासमोर उभे राहून दहाही बोटं क्रमाने लावून बघतात आणि यंत्र प्रत्येक वेळी अतिशय नम्रपणे 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. एकदा ते कोपर लावताना सापडले.

पहिल्या महिन्यात घुबडवाल्याची हजेरी चार दिवस भरली. मी त्याला मेमो दिला. नियमच आहे. दुसऱ्या दिवशी मेमोचं उत्तर आलं, अडीच पानांचं, सोबत २००२ सालचा एक शोधनिबंध. सारांश असा : एखादा प्राणी एखाद्या जागी दिसला नाही म्हणून तो तिथे नाही, असं समजणं ही जुनी चूक आहे. प्राणी असतो, आपल्याला सापडत नाही. म्हणून 'असण्याची शक्यता' आणि 'असल्यास सापडण्याची शक्यता' या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि त्यासाठी त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाहावं लागतं. खाली सही, आणि सहीखाली : 'यंत्राने मला एकदाच पाहिले व निष्कर्ष काढला.'

मी तो मेमो मागे घेतला. कारखान्यात कुणी इतकं शिकलेलं कारण दिलं नव्हतं.

हजेरीनंतर टाइमशीट. ज्यांनी देणगीवर चालणाऱ्या संस्थेत काम केलेलं नाही, त्यांना टाइमशीट ही काय चीज आहे ते कळायचं नाही. आमचे पगार एका थैलीतून येत नाहीत. पाणथळीचा निधी वेगळा, गिधाडांचा वेगळा, जनजागृतीचा वेगळा. प्रत्येक देणगीदाराला हवं असतं की त्याच्या पैशातून फक्त त्याच्याच प्राण्याकडे बघितलं जावं. म्हणून महिन्याअखेरीस प्रत्येकाने लिहून द्यायचं, की मी इतके टक्के गिधाड होतो आणि इतके टक्के पाणथळ. गेल्या महिन्यात एकाने दिलं : गिधाडं ५०, पाणथळ ३५, जनजागृती २५.

"अहो, हे एकशेदहा होतात."

"होतात ना मॅडम."

"मग वरचे दहा टक्के कुठून आले?"

"रविवार," तो म्हणाला.

यावर काय बोलणार? मी त्याला एक बदली रजा लिहून दिली. ती त्याने घेतली आणि त्या दिवशीही गिधाडं बघायला गेला.

विम्याचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण आठवलं तरी डोकं दुखतं. कासववालीला कासव चावलं. कासवांना दात नसतात, ही माहिती मला त्याच दिवशी मिळाली आणि दात नसूनही काय काय करता येतं हेही. विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये चावणाऱ्याचे तीनच पर्याय : कुत्रा, साप, इतर. 'इतर' केलं तर पुढचा रकाना उघडतो : 'प्राण्याच्या मालकाचे नाव व पत्ता'. कासववालीने तिथे 'मुक्त' असं लिहिलं. फॉर्म परत आला, आडनाव हवं म्हणून. तेव्हापासून मी नव्या माणसाला रुजू करून घेताना आधी लसीची वही उघडते. वटवाघळं हाताळणाऱ्यांना रेबीजची लस आधीच घ्यावी लागते. पूर्वी तिचे तीन डोस असायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते दोनवर आणले, सात दिवसांच्या अंतराने. वटवाघूळवालीला याचं फार वाईट वाटलं. तिसऱ्या डोसाच्या दिवशी तिला सुट्टी मिळायची.

तर अशी आमची ही मंडळी. आणि एके दिवशी मुख्यालयाकडून एका ओळीचा ईमेल आला : 'आपल्या कार्यालयातील एकूण मनुष्यबळाचा आकडा शुक्रवारपर्यंत कळवावा.'

एका ओळीचे ईमेल वाईट असतात. पगारपत्रकात ४१ नावं होती, कारण दोघांची बँकेची कागदपत्रं अडकलेली. विम्याच्या यादीत ४६, कारण सोडून गेलेल्यांना तिथून कुणी काढलंच नव्हतं. हजेरीयंत्राच्या मते रोज सरासरी १७ माणसं. फोनवरच्या ग्रुपमध्ये ६३, त्यात मागच्या दोन प्रकल्पांतले लोक आणि एक असा गृहस्थ, ज्याला कुणीच ओळखत नाही पण तो रोज सूर्योदयाचा फोटो टाकतो.

मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात घुबडवाला आला. संध्याकाळ झाली होती, म्हणजे त्याची सकाळ.

"यात काय कठीण आहे?" तो म्हणाला. "आम्ही जंगलातले मोजतो, हे तर ऑफिसातले आहेत."

त्याने सांगितलेली पद्धत अशी. एकदा जाळं टाकायचं, सापडतील त्यांना खूण करून सोडायचं. पुन्हा जाळं टाकायचं. दुसऱ्या वेळी सापडलेल्यांत खूण असलेले किती, त्यावरून एकूण किती असतील ते निघतं. पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये माशांना खुणा केल्या, लिंकन नावाच्या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने १९३० मध्ये बदकांच्या संख्येसाठी हेच गणित मांडलं. "पण मॅडम, त्याच्याही आधी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने फ्रान्सची लोकसंख्या याच तत्त्वावर काढली होती. म्हणजे पद्धत मुळात माणसांचीच. आम्ही उसनी घेतलीय."

खूण कशी करणार, असं मी घाबरत विचारलं. रंग वगैरे लावायचा नाही, तो म्हणाला. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, आपण शर्टावरून ओळखू. आणि त्याने ऑफिसच्या दाराला कॅमेरा ट्रॅप बांधला. अंगाची ऊब हलली की फोटो.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कॅमेरा एकाच बाजूला होता. माणूस आत येताना त्याची डावी कूस दिसायची, बाहेर जाताना उजवी, त्यामुळे आमचे अकाउंटंट दोन स्वतंत्र प्राणी म्हणून नोंदले गेले. मग समोरासमोर दोन कॅमेरे लावले. तिसऱ्या दिवशी एकाने दाढी काढली आणि तो नवा प्राणी झाला. शिवाय या गणिताची एक अट असते : दोन गणनांच्या मधे कुणी जन्मता, मरता, येता किंवा जाता कामा नये. नेमके त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन राजीनामे आले. विज्ञानासाठी मी ते खणात टाकले.

आणखी एक अडचण त्याने सांगितली, ती मला फार पटली. काही प्राणी सापळ्याला बुजतात, तिकडे फिरकतच नाहीत. काही उलट सोकावतात. आमच्याकडे फील्डवाले बुजलेले आणि प्रशासन अधिकारी सोकावलेले. एका दिवसात त्यांचे एकवीस फोटो, त्यांतल्या चारांत केस सारखे करताना.

दोन आठवड्यांनी आकडे हाती आले. पहिल्या आठवड्यात १८ माणसं, दुसऱ्यात १५, दोन्हीकडे सामाईक ६. अठरा गुणिले पंधरा भागिले सहा. पंचेचाळीस.

"पण नमुना लहान आहे," घुबडवाला म्हणाला, "तेव्हा चॅपमनची दुरुस्ती लावू." त्याने प्रत्येक आकड्यात एक मिळवला, गुणाकार-भागाकार केला, शेवटी एक वजा केला. "४२.४."

"पॉइंट चार माणूस?"

"अंदाज आहे मॅडम. पंच्याण्णव टक्के खात्रीने सांगायचं तर २४ ते ६०च्या दरम्यान."

२४ ते ६०. या खात्रीवर पगार करून बघा एकदा.

मी त्याचे आभार मानले, त्याला घुबडांकडे पाठवलं आणि कपाटातली सगळी नेमणूकपत्रं जमिनीवर पसरली. दोन संध्याकाळी मांडी घालून एकेक कागद बाजूला ठेवत गेले. पूर्णवेळ माणसं भरली ४२. आणि अगदी खाली, दुसऱ्या फायलीत चुकून लागलेलं एक पत्र : आमचे पशुवैद्य. आठवड्यातले दोन दिवस आमच्याकडे, तीन दिवस शेजारच्या विभागीय कार्यालयात. पाचांतले दोन, म्हणजे चाळीस टक्के.

४२.४.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. दाराशी कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. घुबडवाल्याला फोन करून सांगितलं, तर तो "योगायोग" म्हणाला आणि ठेवून दिला, कारण कुणीतरी घुत्कारत होतं.

कासववाली मात्र आकडा ऐकून गंभीर झाली. धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीच्या निकषांप्रमाणे ज्या जातीचे प्रौढ जीव ५०पेक्षा कमी उरलेत ती अतिसंकटग्रस्त धरतात, म्हणाली. म्हणजे आपलं ऑफिस त्या रांगेत. मी तिला म्हटलं, निकष प्रौढांचा आहे ना, मग ४२ हा आकडा तू फारच सढळ हाताने धरतेयस.

शुक्रवारी मी मुख्यालयाला ४२.४ कळवलं. तासाभरात उत्तर : प्रणालीत दशांश चालत नाही, जवळच्या पूर्णांकात भरावे. भरलं, ४२. शेजारच्या कार्यालयालाही हेच उत्तर गेलं असणार, कारण तिथल्या ०.६चा एक झाला. तेव्हापासून पशुवैद्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा तिकडून येतात, नवीन ओळखपत्रही तिकडूनच आलं. इकडे त्यांना कुलपाची किल्लीसुद्धा मिळेना. किल्ल्यांच्या वहीत आकडा ४२.

मंगळवारी ते आले. हातात पिशवी, पिशवीत काहीतरी फडफडत होतं. यंत्राला बोट लावलं, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा'. मी आतून बघत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, शर्ट नीट केला, दारातल्या पहिल्या कॅमेऱ्याला डावी कूस दाखवली, सावकाश वळून दुसऱ्याला उजवी दाखवली आणि मला विचारलं, "मॅडम, आता तरी आलो का मी?"