केकची फेड किलोमीटरमध्ये होत नाही

हंगामी केक दुकानांत दिसू लागले की धावणाऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरतो: ‘एक तुकडा म्हणजे पाच किलोमीटर. खाल्लात तर धावून फेडा. शक्यतो धावण्याआधीच खा, जळून जातो. फळांचा घेतलात तर काळजीच नको.’ चार वाक्यं, चारही लंगडी.

आधी पाच किलोमीटर. सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ५० किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरला २५०, ८० किलोच्याचे ४००. वेग वाढवून हा आकडा फारसा हलत नाही, वेळ तेवढा वाचतो. शिवाय ‘तुकडा’ कसला? स्पंज, फेटलेलं क्रीम आणि स्ट्रॉबेरी असलेले १०० ग्रॅम आणि बदाम-लोण्याचं सारण भरलेल्या पफ पेस्ट्रीचे १०० ग्रॅम यांत दीडपटीचा फरक सहज पडतो.

‘धावून फेडा’ हा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, दुखापत करणारा आहे. आठवड्याला चार वेळा पाच किलोमीटर धावणाऱ्याने दोन तुकड्यांसाठी दोन जादा फेऱ्या मारल्या, तर २० चे ३० किलोमीटर झाले. एका आठवड्यात दीडपट, तेही विश्रांतीचे दिवस खाऊन. दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. मग नडगीची आतली कड दाबल्यावर दुखते, सकाळी पहिली पावलं टाकताना टाचेमागची शीर आखडलेली असते. वेदना हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो.

वेळापत्रक आहे तसंच ठेवा आणि केक त्यात बसवा. सर्वांत सोयीचा दिवस लांब पल्ल्याचा: धावणं, नीट जेवण, मग केक. हा क्रम उलटवू नका. स्नायूंच्या डागडुजीला एका वेळी २० ते २५ ग्रॅम प्रथिनं लागतात, केकच्या तुकड्यात जेमतेम पाचेक असतात. केकने पोट भरलं की जेवण राहतं आणि संध्याकाळी भूक हात धुऊन मागे लागते.

धावण्याआधी खाल्लेला केक ‘जळत’ नाही, पोटात बसून राहतो. स्निग्धांशामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो; तासाभरात धावायला निघालात तर मळमळ आणि आंबट ढेकर ठरलेले. तीनेक तासांचं अंतर हवं. आणि रमतगमत पाच किलोमीटरला वेगळं इंधन लागतच नाही, आदल्या जेवणातला साठा पुरतो.

फळांचं म्हणाल, तर फळ वर असतं, स्निग्धांश खाली. फेटायच्या क्रीममध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास, लोण्यात ८० च्या वर. चेस्टनट या पिठूळ फळात स्वतःचं तेल नगण्य, पण त्याच्या लगद्यात साखर, लोणी आणि क्रीम घोटल्यावर त्या गुणाचं काय उरलं? बदामाच्या सारणात तर बदामपूड, लोणी, साखर आणि अंडी बहुधा समभागच असतात.

फळावरून ठरतो तो केक खायचा दिवस. कापलेल्या स्ट्रॉबेरीला काही तासांत पाणी सुटतं आणि स्पंज लगदा होतो. असा केक लांब पल्ल्याच्या दिवशीच आणावा. सुक्या मेव्याचा घट्ट केक मात्र आठवडाभर पातळ कापून पुरवता येतो. अर्धा ठेवायचा असेल तर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, करवतीसारखी न ओढता सरळ खाली दाबा, आणि उरलेला हवाबंद डब्यात ठेवा, कारण क्रीम फ्रिजमधला कांद्याचा वास पटकन धरतं. मूस, म्हणजे फेटून हलका केलेला क्रीमचा गोड पदार्थ, फ्रिजमधून काढून लगेच खावं. बटरक्रीमचा केक वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. गारठलेलं बटरक्रीम मेणासारखं लागतं, चव कळत नाही, आणि हात दुसऱ्या तुकड्याकडे जातो.