कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, आणि अकाउंट दुकानदाराचं घालू नका

कोल्हापुरातल्या तालमींच्या, सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विंडोज १० सरकारने बंद केलं आहे, जुन्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम केलंत तर खातं रिकामं होईल, म्हणून तो भंगारात द्या आणि नवा घ्या. नव्या मशीनला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट सक्तीचं आहे, पण काळजी नको, दुकानदार स्वतःचं घालून देतो. विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स फुकट मिळतं म्हणजे ते चोरीचं, त्याचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे त्यात हॅकर बसलेले, आणि त्यात मराठी टाइप होत नाही. खाली ‘जनहितार्थ, पुढे पाठवा’. हे वाचून आमच्या आत्यांनी चांगला चालणारा सीपीयू भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा याला उत्तर देणं भाग पडलं.

आधी दुकानदाराच्या अकाउंटचं बोलू, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे.

विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, इतपत खरं. २०२२पासून प्रो आवृत्तीही घरगुती वापराला तेच मागते. पण ते अकाउंट नुसतं आत शिरण्यापुरतं नसतं. बहुतेक नव्या लॅपटॉपवर त्या अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, आणि ती उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटवर जमा होते. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही. मग कधीतरी बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट होतं, मदरबोर्ड बदलावा लागतो, किंवा कुणीतरी सिक्युअर बूटची (मशीन सुरू होतानाच्या तपासणीची) सेटिंग हलवतो, आणि चालू केल्यावर निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. ती दुकानदाराच्या अकाउंटवर. त्याने तोवर पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर ‘सेटअपसाठी’ काढलेला तो ईमेल कधीच बंद पडलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलं आहे की हरवलेली की त्यांचा सपोर्ट विभाग शोधून देऊ शकत नाही आणि नव्याने बनवूनही देऊ शकत नाही. म्हणजे लग्नाचे फोटो, दुकानाच्या वह्या, मुलीचा प्रोजेक्ट, सगळं डिस्कवर जागच्या जागी असूनही कायमचं गेलं. ‘काळजी नको’ लिहिणाऱ्याने हे एकदा तरी वाचायला हवं होतं.

एवढ्यावर भागत नाही. सेटअपच्या वेळी वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याचा फोल्डर बॅकअप बहुधा चालू होतो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स त्या अकाउंटवर चढायला लागतात. अकाउंट दुकानदाराचं असेल तर तुमच्या आधारचं स्कॅन, सातबारा आणि पॅनकार्ड त्याच्याकडे जातं. एकाच अकाउंटवर त्याने चार गिऱ्हाइकांची मशीनं सुरू करून दिली असतील तर चौघांच्या फाइली एकमेकांत मिसळू शकतात. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की रोज ‘जागा विकत घ्या’चा तगादा.

नवा लॅपटॉप असा आला असेल तर आजच तपासा. सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो इथे कुणाचा ईमेल दिसतो ते बघा. परका असेल तर आधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क उलगडायला तास-दोन तास, कधी जास्तही लागतात. चार्जर लावून ठेवा, मध्येच बंद करू नका. ते पूर्ण झाल्यावरच त्याच युअर इन्फोच्या पानावरून लोकल अकाउंटवर, म्हणजे फक्त त्या मशीनपुरत्या अकाउंटवर, या. हा क्रम उलटा करू नका. आधी अकाउंट बदललं तर डिस्कला कुलूप तसंच राहतं आणि चावी परक्याकडे. नंतर एन्क्रिप्शन हवंच असेल, आणि लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याला ते हवंच, तर स्वतःच्या अकाउंटने चालू करा, वेबसाइटवर लॉगिन करून डिव्हाइसेसखालची ती ४८ आकडी की कागदावर उतरवा आणि पासबुकाबरोबर कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नको.

आता ‘बंद केलं’ बद्दल. सरकारचा यात काही संबंध नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. मशीन चालू राहतं, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्यांनीच १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा अपडेटची सोय दिली, तीही मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर नाव नोंदवणाऱ्यांना. अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम करू नये, हे मेसेजमधलं अर्धं सत्य मान्य करावंच लागेल. पण त्यावरून ‘भंगारात द्या’ कुठून आलं? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५ नियमात बसत नाही, एवढाच त्याचा दोष. २०१९ किंवा २०२१च्या महापुराच्या पाण्यातून निघालेलं मशीन भंगारात गेलं तर समजू शकतो. हे तर कोरडं, धडधाकट मशीन आहे.

त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची घरगुती वापराला सोपी आवृत्ती, टाकता येतं. मिंट २२ ला २०२९पर्यंत अपडेट आहेत. कमीत कमी २ जीबी रॅम सांगितली आहे, पण ब्राउझर धरून सुखाने काम करायचं तर ४ तरी हवी, ८ असेल तर उत्तम. फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. जुनं मशीन ‘स्लो झालंय’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. रुफस किंवा एचर या प्रोग्रामने त्यावर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची) फाइल लिहायची. अशी लिहिताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, आणि नुसती कॉपी-पेस्ट केली तर त्यावरून मशीन सुरू (बूट) होत नाही. चालू करताना डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबायचं. पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू होतं, डिस्कला हात लागत नाही. त्यातच वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासून घ्या आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ते बऱ्याचदा लगेच चालत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून उघडतील पण बदलता येणार नाहीत. इन्स्टॉल करताना मिंट विचारतं ते नाव, मशीनचं नाव आणि पासवर्ड. ईमेल नाही, मोबाइल नंबर नाही.

‘चोरीचं’ म्हणणाऱ्याला काय सांगावं! लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, १९९१पासून आहे, त्याचा परवानाच वापरा, बघा, बदला, वाटा असं सांगतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स, म्हणजे कोड उघडा असलेलं, सॉफ्टवेअर स्वीकारायचं धोरण काढलं, सी-डॅक ही सरकारी संस्था बॉस नावाचं लिनक्स बनवते, केरळच्या शाळा वर्षानुवर्षं यावर शिकवतात. चोरीचं असतं ते क्रॅक (परवाना चुकवणारा प्रोग्राम) मारून ‘लाइफटाइम ॲक्टिव्हेट’ करून दिलेलं विंडोज. तो क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, तिथेच दार उघडं पडतं.

कोड दिसतो म्हणून फोडता येतो, या म्हणण्यात थोडा दम आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लहानशा प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी खरोखरच चोरदरवाजा घुसवला होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो मुळापर्यंत खणत गेला. हा माणूस मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला. कुणाची परवानगी न मागता त्याला खणता आलं, कारण सगळं उघड्यावर होतं. बहुतेक लोकांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो प्रकार पोहोचायच्या आत पकडला गेला.

मराठीचं तर अगदीच खोटं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्समध्ये जाऊन मराठी जोडा, झालं. इनस्क्रिप्ट ही देवनागरी बटणांची मांडणी येत असेल तर के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे ही बटणं ओळीने दाबली की ‘कोल्हापूर’ उमटतं, शिफ्टला हातही लावावा लागत नाही. ‘ळ’ हवा असेल तर शिफ्ट आणि एन. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कागापा हा वेगळा लेआउट त्याच यादीत आहे.

कुणी विंडोज सोडू नये, तेही सांगतो. टॅलीवर हिशेब ठेवणारे, श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर पत्रिका लावणारे छापखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावातले सॉलिडवर्क्स किंवा मास्टरकॅमवर जॉबचं ड्रॉइंग करणारे: तुमची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजवरच चालतात, वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायच्या सोयीत) चालवायच्या खटाटोपात धंद्याचे दिवस घालवू नका. महा ई-सेवा केंद्रातली बोटांचे ठसे घेणारी यंत्रंही बहुतेक विंडोजच धरून आहेत. प्रिंटरांत एचपीचे बहुतेक लिनक्सवर चालतात, लेझरजेट १०२० ला एचपीचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. कॅनन एलबीपी २९०० मात्र, जो झेरॉक्सच्या निम्म्या दुकानांत दिसतो, लिनक्सवर छळतो. त्याच्यावर रोजी असेल तर विंडोज राहू द्या. घरी पत्रं लिहिणं, यूट्यूब, लाइट बिल, बँक, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर यातलं काहीही आडवं येत नाही.

आणि सीपीयू द्यायचाच ठरला असेल तर निदान हार्डडिस्क काढून घ्या. वायर काढून बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवायचं, डिस्कचे चार स्क्रू सोडवायचे, पॉवरची आणि डेटाची अशा दोन केबली ओढायच्या. डिलीट केलेल्या फाइली, अगदी फॉरमॅट मारलेल्यासुद्धा, फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी प्रोग्रामने बऱ्याचदा परत निघतात. भंगाराच्या वजनात त्या डिस्कने काही फरक पडत नाही. भंगारवाला नाही म्हणाला तर समजा त्याला डिस्कच हवी होती.