माझ्यामागं ह्याचं कोण बघणार?

काल रात्री 'फिंच' पुन्हा बघितला. टॉम हँक्सचा, 2021 चा, ॲपल टीव्हीवर आहे. पहिल्या वेळी मध्येच बंद करावा लागला होता, कारण वडिलांना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

सौरज्वाळेनं ओझोनचा थर गेलाय. दिवसा उन्हात उघडं अंग नेलं तर भाजून निघतं. फिंच नावाचा इंजिनिअर आणि गुडइयर नावाचं त्याचं कुत्रं उरलंय. फिंच किरणोत्सर्गानं खंगत चाललाय, म्हणून तो एक रोबो बनवतो. आपल्यामागं कुत्र्याला सांभाळायला. एवढ्यासाठीच.

बऱ्याच जणांनी मला सांगितलं, फार रडका सिनेमा आहे, जग बुडालं आणि ह्याला कुत्र्याची पडलीय. ज्यानं 2019 च्या ऑगस्टचा महापूर सांगलीत काढला त्यानं तरी असं म्हणू नये.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "आयर्विनला किती झालं?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात. धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं. आमच्या जिन्याच्या अकराव्या पायरीला पाणी लागलेलं, माडीवर आई, वडील आणि मोत्या. बोट आली. पोरं म्हणाली, काका, माणसंच मावेनात, कुत्रं कुठं घेऊ? त्यांचं काही चुकलं नव्हतं. वडिलांनी आईला बसवून दिलं आणि स्वतः वर थांबले. मी पुण्यात, फोनवर नुसता ओरडत होतो. ते म्हणाले, "मी बसलो तर ह्याचं कोण बघणार?" आणि फोनची बॅटरी संपली.

दोन दिवस ते दोघं पाण्यात भिजवलेल्या बिस्किटांवर होते. तिसऱ्या दिवशी दुसरी बोट आली. त्यातल्या एका पोरानं स्वतःहून मोत्याला चादरीत गुंडाळलं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवलं. त्या पोराचं नाव आम्हाला आजही माहीत नाही.

म्हणूनच सिनेमातली एक गोष्ट मला पटत नाही. फिंचला माणसांची फक्त भीती वाटते, आणि बराच वेळ सिनेमाही त्याचंच खरं धरतो. पाणी चढल्यावर माणूस माणसाला खातो, असं मी तरी बघितलं नाही. आमच्याकडं कुठकुठल्या गावांतनं भाकरी-चटणीचे टेम्पो आले. शेवटाकडं पुलावर माणसांनी लावलेल्या चिठ्ठ्या दिसतात तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पण कुत्र्याच्या बाबतीत सिनेमा शंभर टक्के खरा आहे. रोबोला सगळं येतं, पुस्तकंच्या पुस्तकं त्याच्या डोक्यात भरलीत, तरी कुत्रं त्याला जवळ करत नाही. त्याच्याशी चेंडू खेळायला लागेपर्यंत केवढा काळ जातो! ती वाट बघणं मी अंगावर काढलंय. वडील गेल्यावर मोत्या चार दिवस माझ्या हातचं शिवला नाही. दूध, अंडी, मटणाचा रस्सा, सगळं करून झालं. पाचव्या दिवशी मला आठवलं. आजारपणात एकदा वडील सहज बोलून गेले होते, भाकरी कोमट दुधात कुस्करायची, आणि द्यायच्या आधी वाटी पायरीवर दोनदा वाजवायची.

मी वाजवली. तो कोपऱ्यातनं उठला, आधी माझ्या मागं जिन्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग खाली मान घालून खायला लागला.