बाबा, तो डायनासोरवाला मेसेज आधी डिलीट करा

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. आठवीत आहे. "मामा, आमच्या बाई खोटं शिकवतात का?" झालं काय, तर आजोबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकलाय. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले हे थोतांड आहे, ५,००० वर्षांपूर्वी ते माणसांसोबत राहत होते, पुराणातले राक्षस म्हणजे तेच. पुरावा म्हणून काय, तर अमेरिकेत टी-रेक्सच्या हाडात ताजं रक्त सापडलं, कार्बन डेटिंगमध्ये वय २५,००० वर्षं निघालं, आणि लघुग्रह वगैरे बनावट आहे, खरे ते मेले आपल्या सह्याद्रीच्या ज्वालामुखीने पण गोऱ्यांनी हे दाबून ठेवलं. वर पेट्रोल म्हणजे डायनासोरची चरबी. खाली तीन वेळा हात जोडलेले. बाबांनी हे न वाचताच पुढे ढकललंय, माझी खात्री आहे, कारण आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला ५,००० आणि २५,००० एकाच मेसेजात खटकले नसते असं होणारच नाही.

आता ते रक्त. सगळा मेसेज याच खुंटीवर टांगलाय, म्हणून हे नीट सांगतो. मेरी श्वाइट्झर नावाच्या संशोधक आहेत, त्यांचा पेपर २००५ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. मोंटानात सापडलेल्या एका टी-रेक्सचं मांडीचं हाड हेलिकॉप्टरमधून न्यायचं म्हणून तोडावं लागलं, आणि त्यामुळे आतले तुकडे अभ्यासाला मिळाले. त्यातली खनिजं रसायनात विरघळवल्यावर मागे उरलं ते मऊ, ताणलं तर ताणलं जाणारं, रक्तवाहिन्यांसारखं दिसणारं जाळं आणि आत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे लालसर गोल ठिपके. बस. वाहतं रक्त नाही की मांसाचा तुकडा नाही. 'ताजं' हा शब्द मेसेज बनवणाऱ्याच्या घरचा आहे. आणि ज्या हाडाचा पुरावा म्हणून हा माणूस नाचतोय त्याच हाडाचं वय त्याच टीमने जवळपास ६.८ कोटी वर्षं धरलंय, म्हणजे श्वाइट्झरबाईंचं अर्धं वाक्य घ्यायचं आणि उरलेलं अर्धं फेकायचं!

इतकी वर्षं ते टिकलं कसं, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो सगळ्यात आधी बाईंनाच पडला. त्यांनी शहामृगाच्या रक्तवाहिन्या घेतल्या. काही नुसत्या पाण्यात ठेवल्या, त्या थोड्याच दिवसांत सडल्या. काही रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ठेवल्या, त्या दोन वर्षं साध्या खोलीत तशाच राहिल्या, म्हणजे रक्तातलं लोह टिकवायला मदत करत असावं. दोन वर्षं म्हणजे कोट्यवधी वर्षं नव्हेत, मान्य. यावर वादही झाले, काही जण म्हणाले की ते जाळं रक्तवाहिन्यांचं नाहीच, बॅक्टेरियाचा थर आहे. पण भांडण होतं ते 'हे काय आहे' यावर, हाड ५,००० वर्षांचं आहे का यावर नव्हे. आणि गंमत म्हणजे बाई स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन आहेत, आपल्या कामाचा असा वापर होतो म्हणून त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली आहे.

कार्बन डेटिंगचं थोडक्यात. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, ५०,००० वर्षांनंतर मोजण्यासारखा फारसा उरतच नाही. त्यापुढे जो आकडा येतो तो बहुतेक वेळा बाहेरून चिकटलेल्या कार्बनचा, मातीतले जिवाणू, हाडाला लावलेलं लाखेचं पॉलिश वगैरे. सोनाराच्या काट्यावर ट्रक चढवायचा आणि काटा अडकला तिथला आकडा लिहून आणायचा, तसं आहे हे. डायनासोरचं वय काढतात ते हाडाच्या वरखाली सापडणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेवरून, तिच्यातला आर्गॉन वायू मोजून नाहीतर तिच्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजून.

आता सह्याद्री. इथे नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो, यात अर्धं सत्य आहे. सह्याद्री ज्याचा बनलाय तो दख्खनचा लाव्हा डायनासोर संपले त्याच काळातला, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, घाटात तर दोन किलोमीटरच्या आसपास जाड. एवढा गॅस बाहेर पडला तर हवामान बिघडणारच. पण 'दाबून ठेवलं' कुठे? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर कित्येक वर्षं हेच तर ओरडून सांगतायत, आणि २०१९ मध्ये 'सायन्स'मध्येच दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढणारे दोन पेपर एकदम आले. दुसऱ्या बाजूला १९८० मध्ये अल्वारेझ या बापलेक शास्त्रज्ञांच्या टीमने दाखवलेला इरिडियमचा थर आहे (हा धातू जमिनीवर दुर्मिळ, लघुग्रहांत भरपूर), लघुग्रह आदळून मेक्सिकोत पडलेलं चिक्शुलुबचं सुमारे १८० किलोमीटर रुंद विवर आहे. शिवाय आपल्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये डायनासोरच्या अंड्यांची कवचं सापडलीत, म्हणजे लाव्हा सुरू झाल्यावरही ते इथे अंडी घालत होते. एकट्या लाव्ह्याने काम तमाम केलं म्हणणं त्यामुळे अवघड जातं, बहुतेक अभ्यासक लघुग्रहालाच मुख्य दोषी धरतात.

आणि हो, मेसेजचं ऐकायचं तर हा लाव्हा ५,००० वर्षांपूर्वी आला! अहो, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक जव पिकवत होते, घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने उत्खनन केलंय. पिकवत होते ते त्याच लाव्ह्याचा दगड झिजून झालेल्या काळ्या मातीत. दीड हजार वर्षांत लाव्हा थंडही झाला, झिजलाही आणि शेतही तयार? कशेडी घाटात गाडी थांबवून दगड बघा म्हणावं.

पेट्रोल. ते मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून बनतं. बॉम्बे हायचं तेल ज्या खडकात बनलं तो तर डायनासोर संपल्यानंतरचा आहे. पुढे.

भाचीला हे सगळं सांगता सांगता पिसदुऱ्याचंही सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, तिथे दगड झालेली विष्ठा सापडते, डायनासोरची असावी अशी, आणि तिच्यात गवताचे अंश मिळालेत, तेही २००५ लाच छापून आलं. त्याआधी डायनासोरच्या काळात गवत होतं असं फारसं कुणी मानत नव्हतं. ती म्हणाली, "मामा, वास येतो का त्याला?" नाही येत, दगड आहे तो. बाबांना हे सगळं पाठवलंय. मेसेज अजून तिथेच आहे, माझ्या उत्तराखाली फक्त एक अंगठा आलाय.